सोवळ्यातला खड्डा

प्रिय अहो,

पत्र बघून दचकू नका. घरी सगळं ठीक आहे. आत्याबाईंचा गुडघा आधी दुखत होता तेवढाच दुखतोय, कपिली छावणीत उभी राहून शेजारणीच्या गव्हाणीत तोंड घालतेय, आणि दारातली तुळस मी तांदळाच्या धुवणावर जगवलीये. फोन असताना पत्र कावून, असं तुम्ही म्हणणार. तर ऐका. फोनवर तुमचा पहिला शब्द काय असतो? ‘काटा कसा हाय?’ दुसरा? ‘आभाळ आलंतं का?’ तिसऱ्या शब्दाला रेंज जाते, नाहीतर तुमच्या त्या कर्नाटकातल्या कारखान्याचा भोंगा होतो. बायको कशी हाय, हा प्रश्न टँकरच्या रांगेतल्या शेवटच्या बाईसारखा उभाच राहतो, त्याचा नंबर काही लागत नाही. पत्रात मला कुणी मधे तोडत नाही, म्हणून पत्र. आणि काट्याचं काय झालं ते मी सांगणार आहे, पण माझं बोलून झाल्यावर. कागद पालथा करून आधी तेच शोधायला जाऊ नका.

आपल्या हळदीचा दिवस आठवतो का? वैशाखातलं ऊन, चौसाळ्यातून माझ्या माहेरचं सगळं गणगोत टेम्पोत भरून आलेलं, आणि तुम्ही पाटावर पिवळेधमक होऊन बसलेले. धारूरच्या डोंगराकडं एकदा गडगडलं. एकदाच! तुम्ही ताडकन उठलात आणि तशा पिवळ्या अंगानं, मुंडावळ्या सावरत, आपल्या इथल्या साखर कारखान्याकडं पळत सुटलात. माझी मावशी तर म्हणाली, नवरा पळाला. मग आत्याबाईंनी, तुमच्या आईनं, हसत हसत सांगितलं की पळाला न्हाई, काट्याची वायर काढायला गेलाय, वीज पडली तर त्याचा काटा जळंल. तेव्हा मला काटा म्हणजे काय ते धड ठाऊकही नव्हतं. उसाचा अख्खा ट्रक ज्याच्यावर चढतो तो लोखंडी ओटा, आणि त्याच्या पोटाखाली वजनाचा भार ओळखणारे ते लोडसेल, ज्यांना तुम्ही ‘आमची नाजूक लेकरं’ म्हणता, हे सगळं लग्नानंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की माझ्याआधी या घरात कुणीतरी आलेलं आहे. आत्याबाई मला ओवाळताना कानात म्हणाल्या, ‘सवतीवर आलीयस बाई, सांभाळून ऱ्हा.’ सगळ्या बायका खदखदून हसल्या. मी पण हसले. पण ते तेव्हापासून मनात सलतंय, आज सांगते.

तरी लोखंडाची सवत मी सहन केली. तिला ना नथ ना साडी. पावसाळा तोंडावर आला की तुम्ही तिच्या वायरी तपासणार, घरातला चांगला टॉवेल नेऊन तिची काच पुसणार, आभाळ काळं झालं की जेवणावरून उठणार. मी ताट झाकून ठेवायची. मग यंदाचं साल आलं. पाऊस नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून कारखाना पेटला नाही, आणि तुम्ही तिकडं कर्नाटकात उपकरणं सांभाळायला गेलात. कारखान्यानं उसाच्या मोकळ्या आवारात जनावरांची छावणी घातली. मला वाटलं, चला, सवत तरी आता गंजत पडेल. कुठलं काय! चाऱ्याची गाडी आली की आधी काट्यावर चढणार, वजनाची चिठ्ठी निघणार, आणि चिठ्ठी असेल तरच चारा उतरणार. कारखाना बंद, चिमणी थंड, आणि तुमचा काटा पहिल्यापेक्षा जास्त मानाचा. सगळ्या छावणीचा घास त्या लाल आकड्यांवर अडकलेला. जायच्या दिवशी तुम्ही कपिलीच्या पाठीवर हात फिरवलात, आईच्या पाया पडलात, मला ‘येतो’ म्हणालात, आणि काटाघराची किल्ली गौसियाच्या हातात दिलीत.

गौसियाच्या. माझ्या नाही.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. ती मैनुद्दीनभाईंची पोर, बापाच्या मोटार-वाइंडिंगच्या दुकानात तारेशी खेळत मोठी झालेली, अंबाजोगाईला राहून डिप्लोमा केलेली, तुमच्या हाताखाली शिकलेली. सगळं कबूल. मी बारावी, तीही कला शाखेची. पण किल्ली फिरवायला डिप्लोमा लागतो का हो? तुम्ही तिला सांगत होता, ‘गौसिया, खड्ड्याला पाणी चुकवू नको, आकडा रोज कळव,’ आणि मी तिथंच, तुमच्या डब्याची पिशवी धरून, खुंटीसारखी उभी. तेव्हापासून संध्याकाळी तिचा फोन वाजायचा. काटाघराच्या पायरीवर बसून ती बोलायची, हसायची, मधेच कागदावर काहीतरी लिहायची. मी समोर कपिलीचं शेण भरत असायचे. तुम्ही तिच्याशी वायरींचंच बोलत होता हे मला कळत होतं. पण वायरींचं का होईना, बोलत होता. मला वायरींचंसुद्धा कुणी विचारलं नाही.

आता तुमच्या त्या खड्ड्याबद्दल. काटाघराच्या मागं मीठ, कोळसा घालून पुरलेला तुमचा अर्थिंगचा खड्डा, काट्यापुरता, बाकी कशाशी न जोडलेला. पलीकडं लिंबाखाली चिमणीवरच्या वीज झेलणाऱ्या त्रिशूळाची पट्टी जमिनीत उतरते, तो खड्डा वेगळा. ‘ह्याचा त्याला विटाळ नको,’ हे तुमचं वाक्य. एखाद्या देवघरासारखा तुम्ही तो सोवळ्यात ठेवलेला. पाणी टाकायचं तेही चांगलं, गाळलेलं. आणि जमीन कोरडी पडली की खड्डा वीज पोटात घेत नाही, म्हणून रोज घागरभर ओतलंच पाहिजे. अहो, यंदा! बाया टँकरमागं चपला तुटेस्तोवर पळत होत्या. गौसिया रोज छावणीच्या टाकीतून घागर भरून काटाघरामागं जायची, आणि रांगेतली बायनाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, ‘माणसाच्या घशाला कोरड पडली, अन् हितं दगडाला पाणी पाजत्यात. कुणाचा नवस हाय गं, शिवकन्ये?’ मला तोंड लपवायला जागा नसायची. नवस माझ्या नवऱ्याचा, आणि फेडणारी दुसरीच.

एक दिवस माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मनात म्हटलं, पाणीच घालायचंय ना? मग मी घालीन. टाकीतलं चोरायची गरज नाही. आत्याबाईंच्या अंघोळीचं पाणी मी परातीत धरलं, त्यात भांड्यांचं विसळण मिळवलं, आणि गौसिया यायच्या आधी जाऊन खड्ड्यात ओतून आले. तुमच्या सोवळ्या खड्ड्यात, साबणाचं! ती आली तर माती ओली. तिनं इकडं तिकडं बघितलं, घागर तशीच परत नेली. मी गोठ्याआडून बघत होते. काय बरं वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी मी जायच्या आधीच ती ओतून गेलेली. मग मी तिच्याही आधी. असं आमचं सुरू झालं. ती घागर आणणार, मी परात आणणार, दोघी वेगवेगळ्या वेळी, एकमेकींना न दिसता ओतणार, आणि दोघी गेल्यावर तो खड्डा सगळ्या तालुक्यात एकटाच ओला. छावणीतले बेडूक तिथं राहायला आले. आत्याबाईंना कळेना, सुनेला एकाएकी सासूच्या अंघोळीची एवढी काळजी कशी लागली. ‘अजून एक तांब्या घ्या, अजून एक घ्या’ म्हणून मी त्यांच्या मागं लागायची, आणि त्या बिचाऱ्या बायनाबाईला सांगायच्या की सून लई गुणाची हाय.

आणि मग तुम्ही काय केलंत? मी कपिलीला पाजून येत होते. गौसिया पायरीवर बसलेली, मांडीवर ते अर्थिंग मोजायचं मीटर, फोन स्पीकरवर. तिनं आकडा सांगितला. तुमचा आवाज मी ओळखणार नाही का? ‘काय सांगतीस! एवढ्या दुष्काळात एवढा कमी? नव्या खड्ड्याला नव्हता गं आला एवढा चांगला आकडा. शाब्बास गौसिया!’ शाब्बास गौसिया. माझ्या सासूच्या अंघोळीच्या पाण्यावर शाब्बास गौसिया! लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या पुरणपोळीलासुद्धा तुमच्या तोंडून शाब्बास निघालं नाही, ‘बरी झालीये’ एवढंच. मी तिथंच बादली आपटली. गौसियानं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, बादलीकडं बघितलं, मागच्या ओल्या खड्ड्याकडं बघितलं, आणि त्या पोरीच्या सगळं लक्षात आलं. फोन ठेवून ती मला म्हणाली, ‘भाभी, ते तुमी हाय का? मला वाटलं छावणीतला कुणी खुळा हाय.’ आणि हसायला लागली. मला हसू आलं नाही. मी सरळ विचारलं, ‘तुमचं एवढं काय बोलणं असतं?’

तिचं हसणं थांबलं. तिनं ओढणीला हात पुसले आणि मला शेजारी बसवलं. मग जे सांगितलं ते ऐकून मला वाटलं, धरणी मला पण पोटात घेईल तर बरं, तिला तर पाणी घातलेलंच आहे. तुम्हाला तिकडं कायम करतायत. कारखान्याचं क्वार्टर देतायत, दोन खोल्या, नळ, मागं परसू. तुमच्या हाताखाली माणूस हवं होतं, तिथं तुम्ही गौसियाचं नाव सांगितलंत आणि तिला बोलावणं आलंय, ती आणि तिची आई चाँदबी दोघी जाणार. हे सगळं गौसियाला माहीत, चाँदबीला माहीत, उद्या बायनाबाईला माहीत झालं असतं, आणि तुमच्या बायकोला ते काटाघराच्या पायरीवर, शेणाच्या हातानं कळतंय. माझ्या डोळ्यांपुढं ते क्वार्टर आलं, त्याचा नळ आला, आणि त्या नळाखाली घागर धरून मी सोडून बाकी सगळं जग उभं राहिलेलं आलं. गौसिया म्हणत होती, ‘भाऊ मला रोज इच्यारतात, भाभीला तिकडं करमंल का, आई येतील का, कपिलीचं काय. मी म्हटलं, मला कावून इच्यारता? भाभीला इच्यारा. तर म्हणतात, ती न्हाई म्हणली तर?’ तिला वाटलं हे ऐकून माझा राग जाईल. अहो, तो वाढला. माझं मन तुम्ही तिच्याकडून मोजून घेत होता, खड्ड्यासारखं, मीटर लावून.

त्या दिवसापासून मी परात नेली नाही. फोनवर तुम्हाला ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ यापलीकडं काही बोलले नाही. तुमच्या लक्षातही आलं नसेल, कारण ‘काटा कसा हाय’ला ‘बरा हाय’ एवढं उत्तर पुरतं.

मग तुमचं आणि गौसियाचं भांडण झालं. ते भांडण मला कसं गोड लागलं ते मी लपवणार नाही. ती तुम्हाला सांगत होती की दोन्ही खड्डे पट्टीनं जोडून टाकू, आणि तुम्ही तिकडून ओरडत होता की खबरदार, माझ्या काट्याला त्या चिमणीचा विटाळ नको, तिच्यावरची वीज माझ्या काट्यात शिरंल. ती म्हणत होती, भाऊ, वेगळे ठेवले म्हणूनच शिरंल. तुम्ही फोन आपटलात. मी विचारलं, भानगड काय आहे? तिनं दोन तांबे घेतले. एक काट्याच्या ओट्यावर ठेवला, एक खाली जमिनीवर. म्हणाली, वीज पडली की चिमणीच्या खड्ड्याची जमीन अशी एकदम वर चढते, आणि आपला खड्डा खालीच राहतो. मग वरची वीज खालच्याकडं धावते, आणि मधे जे असंल त्यातून जाते. मधे काय हाय? भाऊंची नाजूक लेकरं. दोन्ही जोडले तर दोन्ही बरोबर चढतील, बरोबर उतरतील, मग कुणी कुणाकडं धावायचं कारणच न्हाई. विटाळ-बिटाळ काही नसतो, भाभी. जोडलेलं असलं की सोसतं.

मला ते पटलं की नाही हे तेव्हा महत्त्वाचं नव्हतं. मला फक्त एवढं दिसलं की ही पोर पहिल्यांदा तुमच्या मनाविरुद्ध जातेय. लगेच ती मला आवडली. तिला भंगारातली लांब पट्टी सापडली होती, पण चर खणायला कुणी तयार नव्हतं. छावणीचं सगळं बघणारे संचालक सुंदरराव तुमचं नाव पुढं करून म्हणाले, ‘बद्रीनाथनं सांगितलं तर खणू, पोरीबाळींच्या सांगण्यानं न्हाई.’ मी पदर खोचला आणि कुदळ घेतली. जमीन कशी होती म्हणता, विटेसारखी! घाव घातला की कुदळच वर उडायची. लिंबाच्या बुडापासून काटाघरापर्यंत आम्ही दोघी खणत गेलो, आणि मी प्रत्येक घावाला मनात एक एक नाव घेत होते, बहुतेक तुमचंच. बायनाबाई आधी कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली, मग म्हणाली, ‘सरक, तुला न्हाई जमत,’ आणि तिनंही हात लावला. चरात पट्टी टाकून गौसियानं दोन्ही खड्डे जोडले, मग माती सारून पाणी घातलं. तुमच्या देवघरात आम्ही तिघी चपलांसकट फिरलो, हे तुम्हाला आज कळतंय.

आता काट्याचं. माझं बोलून झालेलं नाही, पण तुमचा जीव टांगणीला लागला असेल, म्हणून सांगते. दुपारची वेळ. मक्याची गाडी नुकतीच काट्यावर चढलेली. सकाळपासून इतकं उकडत होतं की जनावरं जीभ काढून उभी होती. धारूरकडून आभाळ आलं, काळं नाही, तांबूस, धुळीचं. गौसियानं ड्रायव्हरला हाक मारली, गाडी मागं घे, वजन नंतर करू, वायर काढते. तो इंजिन सुरू करेपर्यंत वारं सुटलं, छावणीची पालं उडाली, आणि मग अंगावरचं कातडं ओढल्यासारखा तो आवाज. वीज चिमणीवर पडली. पांढरं झालं सगळं. माझ्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. जनावरांनी दावी तोडली, सुंदररावांच्या ऑफिसातला टीव्ही फुटला, चार्जिंगला लावलेले सगळ्यांचे फोन गेले, पाण्याची मोटर चालवायची पेटी धुरानं भरली. पाऊस म्हणाल तर धुळीवर ठिपके पडतील एवढाच आला आणि गेला.

आणि मी काय केलं माहीत आहे? कपिली दावं तोडून गेटाकडं धावत होती. आत्याबाई गोठ्याच्या वळचणीला बसल्या होत्या. मी कुणाकडंच धावले नाही. मी काटाघराकडं धावले. अर्ध्या वाटेत माझं मलाच कळलं की मी कुणीकडं चाललेय, आणि हळदीच्या अंगानं पळणारे तुम्ही माझ्या पुढं पळताना मला दिसलात. इतक्या वर्षांत मी तुमच्यावर जेवढी जळले, तेवढी मी त्या क्षणी स्वतःवर पण जळले, कारण मला कळलं की तो काटा जळाला असता तर मी रडले असते. दार ढकललं तर गौसिया कोपऱ्यात कानावर हात ठेवून बसलेली. वजन दाखवणाऱ्या डब्यावरचे लाल आकडे गेलेले. आम्ही दोघी त्या काळ्या काचेकडं बघत राहिलो. तिनं एकदा बंद करून पुन्हा सुरू केलं. आधी आठ-आठ-आठ असं काहीतरी नाचलं, मग शून्यं आली, आणि मग हळूहळू मक्याची ती गाडी जेवढी होती तेवढी परत आली. ड्रायव्हर बाहेरून ओरडत होता, ‘बाई, चिठ्ठी देता का!’ गौसिया माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मी पण. चिठ्ठी फाडली, मका उतरला, जनावरांनी खाल्ला.

तुमच्या लेकरांतलं एकही जळालं नाही. तुम्ही बसवलेली ती सर्जची पांढरी डबी मात्र गेली. तिच्या छोट्या खिडकीतला हिरवा ठिपका लाल झाला होता. गौसिया म्हणाली, ह्याचं कामच हे, पुढं बसायचं, झटका आपल्या अंगावर घ्यायचा, आणि मागच्याला वाचवून आपण मरायचं. मी ती डबी हातात घेऊन बघितली. म्हटलं, अशी एकेक घरोघरी असते, फक्त तिला खिडकी नसते. तुम्ही कपाटात जपून ठेवलेली नवी डबी गौसियानं माझ्याकडून बसवून घेतली. तारा मी आवळल्या. एक तार आधी उलटी लावली, तिनं हातावर चापट मारली. एरवी मी तिला फाडून खाल्लं असतं.

सुंदरराव दुसऱ्या दिवशी काटाघरात आले. फुटलेल्या टीव्हीपुढून आले होते, म्हणून जरा नरम होते. म्हणाले, गौसिया जाणार, आता काटा कुणाच्या हाती द्यायचा, बद्रीनाथला बोलावू का? गौसिया म्हणाली, ‘कशाला? भाभी हाय ना.’ त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. तेवढ्यात कडब्याची गाडी आली. गौसियाला रोज बघून मला पाठ झालं होतं, तसं मी भरलेली तोलली, रिकामी तोलली, चिठ्ठी लिहून ड्रायव्हरच्या हातात दिली. सुंदररावांनी चष्मा लावून ती वाचली आणि ड्रायव्हरला परत देऊन निघून गेले. गौसियानं किल्ली माझ्या हातात ठेवली. ती किल्ली कमरेला लावून मी घरी गेले तर आत्याबाई म्हणाल्या, ‘अगं बया, सवतीचा दागिना घातला गं!’ आणि मनापासून हसल्या. मी त्यांना अंघोळीच्या पाण्याचंही सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, तरीच.

तर आता हे पत्र कशासाठी ते सांगते. हे पत्र टपालानं येणार नाही, गौसिया तुमच्या हातात देईल, आणि तुम्ही वाचत असाल तेव्हा ती समोर उभी असेल. मला विचारायचं ते तुम्ही तिला विचारलंत, म्हणून मी पण माझं बोलणं तिच्याच हाती पाठवतेय, फिटंफाट. तिला नीट सांभाळा, लई गुणी पोर आहे. पण शाब्बास जरा बेतानं म्हणा. क्वार्टरचं उत्तर माझ्याकडं तयार आहे, पण ते मी या कागदावर लिहिणार नाही, कारण प्रश्न अजून माझ्यापर्यंत आलेला नाही. पाऊस पडून छावणी उठेपर्यंत किल्ली माझ्या कमरेला आहे. म्हणजे काट्याचं विचारायला तुम्हाला आता दुसरं कुणी उरलं नाही. जळालेला फोन बदलून घेतलाय, नंबर तोच आहे. आत्याबाई त्यांची पितळी परात कुठल्या गाठोड्यात मावेल ते बघतायत, आणि तुमच्या त्या परसात कपिलीला खुंटा ठोकता येतो का, एवढं मात्र आजच बघून ठेवा. मग फोन करा आणि मला विचारा, मला, तुमच्या तोंडानं. घाबरू नका, ‘न्हाई’ म्हणायला मी एवढा चर खणला नाही. फक्त एक लक्षात ठेवा. पहिला प्रश्न जर काट्याचा आला, तर आकडा मी चुकीचा सांगणार आहे.

तुमचीच, आणि सध्या काट्याचीही,
शिवकन्या